घंटागाडीनंतरचा मुक्काम : कचरा हस्तांतरण केंद्र आणि आपला बाजार

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली. लाखो लोक शहर सोडून निघाले, कापडाच्या बाजारपेठा ओस पडल्या. जळगाव-धुळ्यातील आम्हा कापडवाल्यांची दुकाने बऱ्याच अंशी सुरतेच्या मालावर चालतात. त्यामुळे एका शहरातील घाण दुसऱ्या शहराच्या गल्ल्यापर्यंत कशी पोहोचते, हे आम्हाला वेगळे शिकवावे लागले नाही. पुरानंतर साचलेला आणि वेळेवर न उचललेला कचरा त्या साथीच्या मागे होता, असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव हे आयुक्त आले आणि त्यांनी शहराची साफसफाई मार्गी लावली. पुढे त्याच सुरतेने कचऱ्याची बंदिस्त हस्तांतरण केंद्रे उभारली. ज्या शहराकडून आपण माल घेतो, त्याच्याकडून ही गोष्टही समजून घेण्यासारखी आहे.

हस्तांतरण केंद्र म्हणजे काय? व्यापाऱ्याला ते एका वाक्यात कळेल. सुरतेहून कापडाच्या गाठी ट्रकने ट्रान्सपोर्टच्या गोदामात येतात आणि तेथून हातगाडीने किंवा रिक्षाने दुकानात जातात. ट्रक काही आपल्या बोळात शिरत नाही आणि हातगाडी काही सुरतेला जात नाही. कचऱ्याचे गणित हेच, फक्त उलट्या दिशेने. घंटागाडीने गल्लीबोळातून कचरा गोळा करावा, जवळच्या केंद्रात मोठ्या बंद गाडीत रिकामा करावा आणि ती मोठी गाडी भरली की एकदाच डेपोवर जावी.

हिशोब करून पाहू. समजा एका घंटागाडीत ७०० किलो कचरा मावतो आणि मोठ्या गाडीत दाबून भरला तर १० टन. म्हणजे १४ घंटागाड्यांचा माल एका फेरीत गेला. डेपोवर जाऊन-येऊन २० किलोमीटर धरले, तर १४ गाड्यांचे २८० किलोमीटर वाचून तेथे २० च राहिले. केंद्रापर्यंतचे थोडे अंतर त्यात मिळवा, तरी फायदा उघड आहे. डिझेल वाचते ते वेगळेच. खरी कमाई वेळेची आहे. जी घंटागाडी डेपोच्या वाटेवर दीड तास घालवते, ती त्या वेळात बाजारात दुसरी फेरी मारू शकते.

मुंबईत महालक्ष्मी आणि कुर्ला येथे अशी केंद्रे झाली, कारण तेथे अंतरे लांब आणि रस्ते भरलेले. आमची शहरे तेवढी मोठी नाहीत. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती, तर धुळ्याची सुमारे पावणेचार लाख. दोन्ही ठिकाणी २००३ मध्ये महापालिका झाली. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात आणि धुळ्याचा वरखेडी रस्त्याकडे नेला जातो. ही अंतरे मुंबईसारखी नाहीत. म्हणून नुसते डिझेल वाचवण्यासाठी आमच्याकडे केंद्र हवे, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याकडे त्याचा मोठा उपयोग निवडानिवडीचा आहे.

आता हा विषय कारागीर आणि भंगारवाल्यांच्या पोटाशी येतो. शिंप्याच्या दुकानातील सुती कातरण कोरडे असेल तर त्याला गिऱ्हाईक आहे. गॅरेजला हात पुसायला चिंध्या लागतात, गादीवाल्याला भरण लागते. तेच कातरण भाजीच्या सडक्या पाल्यात भिजले की फुकट जाते. पुठ्ठ्याचे खोके ओले झाले की त्याचा भाव पडतो. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत. जुने प्लास्टिक गाळून दाणा करणाऱ्याला स्वच्छ माल हवा असतो, मातीने भरलेला नको. दोन्ही शहरांत भंगार वेचणे, विकत घेणे आणि निवडणे यावर आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. केंद्रात शेड, निवडीचे टेबल आणि वजनकाटा असेल, तर हा माल डेपोत गाडला जाण्याआधीच बाहेर निघतो. वेचणाऱ्या बायाबापड्यांना उकिरड्यावर वाकून काम करण्याऐवजी सावलीत, हातमोजे घालून काम करता येते. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि पुढे त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे कामही घेतले. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

मात्र एक धोका डोळ्याआड करू नये. केंद्र आणि उकिरडा यांत फक्त एका दिवसाचे अंतर असते. सकाळी आलेला कचरा संध्याकाळपर्यंत निघाला तर ते केंद्र. दोन दिवस पडून राहिला तर दुर्गंधी, माश्या आणि काळे पाणी. मग शेजारच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते आणि घरमालकाला भाडेकरू मिळत नाही. पुण्यात उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आणि २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. औरंगाबादेत तर रस्त्यांवर ढीग साचले. ज्यांच्या दाराशी कचरा टाकायचा त्यांना आधी विचारले नाही की असेच होते. आपल्याकडे अशी जागा ठरेल तेव्हा ती गरिबांच्या वस्तीलगत गुपचूप ढकलली जाऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

ठेक्याकडेही लक्ष हवे. कचरा वाहून नेण्याचे पैसे जेथे नुसत्या वजनावर मिळतात, तेथे माती, बांधकामाचा मलबा आणि ओला-सुका एकत्र कचरा जितका जड तितका ठेकेदाराला बरा. निवडून हलका केलेला कचरा त्याला तोट्याचा. आपण मीटरवर कापड विकतो, तेव्हा गज कोणाच्या हातात आहे ते गिऱ्हाईक बघतेच. तसा हा काटाही लोकांनी बघितला पाहिजे.

आता आपली बाजू. २०१६ मध्ये निघालेल्या घनकचरा नियमांत बाजारपेठांच्या संघटनांवरही जबाबदारी टाकली होती : पालिकेच्या साथीने आपल्या भागातील कचरा जागेवरच वेगळा करून घेणे. ते कागदावर ठेवून चालणार नाही. प्रत्येक दुकानात दोन पोती ठेवावीत, एकात कातरण, पुठ्ठा आणि प्लास्टिक, दुसऱ्यात चहाचा चोथा आणि उरलेले अन्न. रात्री दुकान वाढवताना रस्त्यावर काहीही ढकलू नये आणि जाळू तर मुळीच नये. नायलॉन-पॉलिएस्टरच्या चिंध्यांचा धूर आपल्याच छातीत जातो.

आणि आपापल्या व्यापारी संघटनेने महापालिकेकडे लेखी चार गोष्टी मागाव्यात : केंद्राला छप्पर आणि पक्की फरशी, काळ्या पाण्यासाठी टाकी, रोजच्या रोज उचल आणि रोजचे वजन दारावरच्या फलकावर. कचऱ्याचे शुल्क आपल्याकडून घेतले जाते, तर त्याचा हिशोब मागणे हा आपला हक्क आहे. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.