सूर्यास्तापूर्वीची इटालियन मेजवानी

नाताळची सुट्टी लागली की मुलांचा एकच आग्रह सुरू होतो : घरी मेजवानी हवी आणि ती इटालियन हवी. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हौसेने बाहेरून पदार्थ मागविले. दुकान वाढवून मंडळी घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजले. सासूबाईंचा चौविहार केव्हाच सुरू झाला होता. धाकट्या नातीने आपल्या ताटलीतला पहिला घास आजीपुढे धरला. त्या हसून म्हणाल्या, "बाळा, माझे झाले गं." नंतर डबा उघडून पाहिला, तर पदार्थांत लसूण होताच. म्हणजे दुपारी चार वाजता आले असते, तरीही त्यांना काही घेता आले नसते. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच जिथे उपाशी बसते, ती मेजवानी कुटुंबाची कशी म्हणावी?

यावर उपाय इटालियन पद्धतीतच सापडला. मुख्य भोजनाच्या आधी जे छोटे पदार्थ मांडतात, त्यांना तिकडे 'आंतिपास्तो' म्हणतात. या शब्दाचा अर्थच 'भोजनापूर्वीचे' असा आहे. यांतील बरेच पदार्थ गार किंवा कोमट खाण्याचे असल्याने आधी तयारी करून ठेवता येते. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेचारला ताटे मांडली तर साडेपाचपर्यंत सर्वांचे निवांत खाऊन होते. त्यासाठी एक दिवस दुकान लवकर बंद करावे लागले, तर तो तोटा मानू नये.

खरेदी करताना चीजविषयी सावध राहावे. पार्मेझान म्हणून प्रसिद्ध असलेले मूळचे 'पार्मिजानो रेज्जानो' हे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजावे, असा त्याचा नियम आहे. 'पेकोरिनो रोमानो'साठी कोकराचे रेनेट वापरतात. ही दोन्ही आपल्याला वर्ज्यच. वेष्टनावरील हिरवे चिन्ह अवश्य पाहावे. परंतु ते चिन्ह कांदा, लसूण वा कंदमुळाविषयी काहीच सांगत नाही, म्हणून घटकांची यादीही वाचावी. सर्वांत निर्धोक म्हणजे लिंबाच्या रसाने दूध फाडून घरीच केलेले ताजे पनीर. बाटलीतील ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात. घरात लोणच्यासंबंधी जो नियम असेल, तोच त्यांनाही लावावा.

पुढील तीन पदार्थ दहा-बारा माणसांना पुरतात.

काप्रेसे काड्या. काप्री बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थात टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल यांचे लाल, पांढरे, हिरवे रंग एकत्र येतात. आपण मोझरेलाऐवजी पनीर घ्यावे. 250 ग्रॅम पनीरचे 24 चौकोनी तुकडे करावेत. प्रत्येक काडीला एक लहान टोमॅटो, एक बेसिलचे पान व एक पनीरचा तुकडा ओवावा. वरून दोन चमचे ऑलिव्ह तेल, मीठ व मिरपूड घालावी. ज्याचे बी आपण सब्जा म्हणून भिजवतो, ते झाड बेसिलच्याच जातीचे. कुंडीत ते सहज वाढते.

खाकऱ्यावरील ब्रुस्केत्ता. मूळ पदार्थ निखाऱ्यावर भाजलेल्या पावाचा असून त्यावर लसूण घासतात. आपण पावाऐवजी लहान आकाराचे खाकरे घ्यावेत. पाच पिकलेल्या टोमॅटोंच्या बिया काढून बारीक फोडी कराव्यात, मीठ लावून दहा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात व सुटलेले पाणी काढून टाकावे. तीन चमचे ऑलिव्ह तेल किंचित गरम करून त्यात चिमूटभर हिंग घालावा. लसणाची उणीव त्याने भासत नाही. हे तेल, मिरपूड व हाताने तोडलेली बेसिलची पाने फोडींत मिसळावीत. हे मिश्रण खाकऱ्यावर अगदी वाढतानाच घालावे, नाहीतर खाकरा मऊ पडतो.

फारिनाता. जेनोव्हा शहराच्या परिसरातील हा हरभऱ्याच्या पिठाचा पदार्थ. 200 ग्रॅम बेसनात 600 मिलिलिटर पाणी थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात आणि दोन तास झाकून ठेवावे. वर आलेला फेस काढून एक लहान चमचा मीठ व चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालावे. तेल लावलेल्या दोन थाळ्यांत पातळ थर ओतून 220 अंश तापमानाला ओव्हनमध्ये कडा तांबूस होईपर्यंत, साधारण 25 ते 30 मिनिटे, भाजावे. ओव्हन नसल्यास तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावे. वर भरपूर मिरपूड घालून चौकोनी तुकडे करावेत. यासोबत कच्च्या दह्याची चटणी मात्र देऊ नये. बेसन आणि कच्चे दही एकत्र आले की द्विदलाचा दोष लागतो.

मेजवानीचा दिवस ठरविताना तिथीही पाहावी. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवे वर्ज्य असेल, तर पहिले दोन पदार्थ बाजूला ठेवून फारिनाताच अधिक करावा. तिन्ही पदार्थ त्याच दिवशी करावेत, म्हणजे वासी अन्नाचा प्रश्न उरत नाही.

गेल्या वर्षी आम्ही याप्रमाणे केले. दुकान चारलाच बंद झाले. सासूबाईंनी फारिनाताचा तुकडा तोंडात घातला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपले बेसनाचे धिरडे! आणखी एक दे." नातीने ताटली भरून आणली. दिवस मावळायला तेव्हा पाऊण तास बाकी होता.