पन्हाळेकाजीत बॅटरी आडवी धरायची

पन्हाळेकाजीला येणारी मंडळी बहुतेक वेळा समुद्रावरून उरलेल्या वेळात येतात. मुरूड, हर्णै, आंजर्ले झाले, परतायला अर्धा दिवस आहे, मग दापोलीहून लेणी. कोटजाई नदीकाठी उतरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सगळी बघायला किती वेळ लागेल?” एकोणतीस लेणी आहेत म्हटले की निम्म्यांचा उत्साह तिथेच मावळतो. म्हणून लेणी दाखवणाऱ्या आम्ही मंडळींनी आपसात ठरवून टाकले आहे की आकडा आधी सांगायचा नाही आणि क्रमानेही जायचे नाही. थेट एकोणिसाव्या लेण्यात न्यायचे.

ते शंकराचे देऊळ आहे, अखंड खडकात कोरलेले. पाहण्यासारखे आहे ते त्याचे छत. लोक आत शिरतात, मोबाइलची बॅटरी सरळ वर मारतात आणि म्हणतात, “झिजलंय हो सगळं.” सरळ उजेडात ते तसेच दिसणार. मग एकाला बॅटरी घेऊन भिंतीलगत उभे करायचे, हात उंच आणि झोत छताला घासून आडवा. खडकावर सावल्या पडतात आणि सपाट वाटणाऱ्या छतातून हात, धनुष्य, मुकुट सुटे होऊ लागतात. रामायण, महाभारत, कृष्णाच्या गोष्टी, एकेका पट्टीत बसवलेल्या. मान दुखते, म्हणून आम्ही सरळ जमिनीवर आडवे व्हायला सांगतो. देवळात झोपायचे कसे म्हणून मोठी माणसे संकोचतात. पाय गाभाऱ्याकडे करू नका, बाकी देवाला चालते, असे सांगितले की ओढण्या, टॉवेल अंथरले जातात. त्यानंतर कुणी घड्याळ बघत नाही.

मग बाहेर सावलीत बसून ताम्रपटाची गोष्ट. शिलाहार राजा अपरादित्य म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या प्रसिद्ध ‘अपरार्क’ टीकेचा कर्ता म्हणून मानला जातो तोच. काश्मीरच्या पंडितसभेत त्याने आपला दूत पाठवला होता. त्याचा मुलगा विक्रमादित्य इथे कारभार पाहत होता. त्याचा ११३९ सालचा ताम्रपट याच गावात मिळाला आणि प्रणालक नावाचे जुने राजधानीचे ठिकाण म्हणजे हे पन्हाळे, हे उलगडले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा कसून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. आज आम्ही इथे जे सांगतो, त्यातले बहुतेक त्यांच्या कष्टाचे आहे. हे प्रत्येक गटाला सांगितलेच पाहिजे, असे मला वाटते.

अवघड प्रश्न पाचव्या आणि दहाव्या लेण्यापाशी येतो. पाचव्यात स्तूप आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, हीनयान बौद्धांचा. दहाव्यात महाचंडरोषण, वज्रयान पंथाचा देव, दहाव्या-अकराव्या शतकातला. पुढे शिव आणि गणपती आले, त्यानंतर नाथ. शाळेची सहल असली की एखादा मुलगा विचारतोच, “मग कुणी कुणाची जागा बळकावली?” बरोबरचे शिक्षक गडबडून विषय बदलू पाहतात. बदलू नये. पहिल्या स्तूपात आणि महाचंडरोषणात सातेकशे वर्षांचे अंतर आहे, एवढे आधी त्या मुलाला सांगायचे. मग त्यालाच भिंतीपाशी न्यायचे आणि छिन्नीच्या खुणा दाखवायच्या : ही जुनी, ही नंतरची. मुले खुणा वाचायला फार लवकर शिकतात. कुठल्याही एका पंथाची बाजू घेऊन ही लेणी दाखवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गौर लेणे, म्हणजे २९ क्रमांकाचे, बाकीच्यांपासून बाजूला आहे. चालून दमलेले लोक ते गाळायला बघतात. एकदा एका गटात वारकरी आजी होत्या. बाकीचे झाडाखाली बसले, त्या काठी टेकत आल्या. भिंतींवर चौऱ्याऐंशी सिद्धांच्या छोट्या मूर्ती आहेत. मी नेहमीप्रमाणे नाथपंथाची माहिती द्यायला लागले. आजींनी मला हाताने थांबवले. “अगो, आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग आमची माउली. हे आमचं गुरुघराणं. तू काय सांगतेस मला?” आणि चपला बाहेर काढायला परत गेल्या. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितलेली हीच परंपरा दापोलीच्या रानात दगडात उभी आहे, हे त्यांना कुणी समजावून द्यावे लागले नाही. तेव्हापासून मी तिथे आधी बोलत नाही, आधी विचारते.

पावसाळ्यात नदीला पाणी चढते, दगड शेवाळतात. निघण्याआधी गावात फोन करून पाण्याची चौकशी करावी. दिवाळीनंतर या. समुद्रावरून उरलेला वेळ नको, एक अख्खी सकाळ ठेवा. प्रत्येकाकडे चांगली बॅटरी असू द्या. मूर्तींना कुंकू, तेल, पाणी लावू नका आणि दुसऱ्यालाही लावू देऊ नका. खडक आधीच झिजला आहे. आणि कितीही दमलात तरी गौर लेणे पाहिल्याशिवाय गाडीत बसू नका.