लेकीचं गाणं आणि कुकरची शिट्टी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारची झाकपाक करून मी आतल्या खोलीत गेले. पाहते तो काय, कपाटाचं दार सताड उघडं, दोन खुर्च्यांवर गोधडी टाकलेली आणि त्या आडोशाला आमची नववीतली लेक मोबाइलपुढं गुणगुणत बसलेली! स्वतः रचलेलं गाणं ती ध्वनिमुद्रित करत होती. मला पाहताच गप्प झाली.

समोर वही होती. मी पडले अर्धवेळ मास्तरीण, वही दिसली की हात शिवशिवतात. म्हटलं, "अगं, 'पाऊस'मधला ऊ दीर्घ. आणि इथं यमक कुठाय?"

तिनं वही मिटली. पुढं दोन महिने घरात तिचं गाणं म्हणून ऐकू आलं नाही.

सासूबाईंनीच मला भानावर आणलं. म्हणाल्या, "जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आईला कुणी ऱ्हस्व-दीर्घ विचारलं नव्हतं हो." खरंच की! बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, ऐकून टिपून ठेवल्या. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरात कुणी कान दिला नसता, तर ते धन कुठलं आपल्याला मिळायला?

आजकालच्या मुलांच्या तोंडी असलेली अमेरिकेतली गायिका बिली आयलिश हीही अशीच घरात घडलेली. २०१५ साली, तेरा वर्षांची असताना, लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी तिनं 'ओशन आईज' हे गाणं गायलं. ते रचलं आणि ध्वनिमुद्रित केलं तिच्या थोरल्या भावानं, फिनिअसनं. पुढं त्याच्याच खोलीत घडलेल्या तिच्या गीतसंग्रहाला २०२० साली वर्षातल्या सर्वोत्तम संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांची आई मुलांना गाणी लिहायला शिकवी. तिनं दिलेला एक गृहपाठ असा : एखादी मालिका बघायची, कानाला लागतील ते शब्द टिपायचे आणि त्यातून गाणं करायचं.

आपल्या घरातलं मूल काही उद्या पुरस्कार आणणार नाही, आणायलाही नको. पण त्याला सुरुवात कशी करून द्यायची, हे मी आता लेकीकडूनच शिकले आहे.

शब्द आधी की चाल? काहीही चालेल. एक ओळ अशी हवी की जी पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटेल. तेच ध्रुवपद. मग दोन अंतरे पुरे. टाळी धरून म्हणून पाहावं. ओळ टाळीत बसत नसेल तर शब्द बदलावा. विषय घरातलाच घ्यावा : शाळेची बस, रुसलेली मैत्रीण, गावाकडची आजी.

खोली कोणती? कपडे, गाद्या, पडदे असलेली लहान खोली उत्तम. मऊ कापड आवाज शोषून घेतं. न्हाणीघरात आवाज गोड वाटतो खरा, पण तिथला घुमारा नंतर काढता येत नाही. पंखा बंद ठेवावा.

मोबाइल कसा ठेवावा? हातात धरू नये, पुस्तकांच्या चळतीला टेकवावा. मध्येच फोन येऊ नये म्हणून विमानातली सोय, म्हणजे 'एअरप्लेन मोड', चालू करावी. तोंडापासून वीतभर अंतर ठेवून किंचित तिरकं गावं. समोरासमोर गायलं तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा फटकारा बसतो.

साथीला काय? तानपुरा किंवा पेटी दुसऱ्या फोनवर लावून तारेच्या इअरफोननं कानात ऐकावी. म्हणजे गळा तेवढाच स्वच्छ मुद्रित होतो. बिनतारी इअरफोनमध्ये आवाज जरा उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. मग संगणकावर 'ऑडॅसिटी' किंवा मोबाइलवर 'बँडलॅब' यांत गळा आणि साथ एकावर एक बसवावी. दोन्ही फुकट मिळतात, तेव्हा महागडा मायक्रोफोन पहिल्या दिवशी आणूच नये.

लोकांना ऐकवायचं का? मुलाची इच्छा असेल तरच. इंटरनेटवर टाकताना शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर देऊ नये. चाल दुसऱ्याची असेल तर परवानगीशिवाय टाकू नये.

आणि आपण काय करायचं? अर्धा तास घर शांत ठेवायचं आणि विचारल्याखेरीज चूक दाखवायची नाही, एवढंच. मला हे जरा उशिरा उमगलं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी लेक स्वयंपाकघराच्या दाराशी आली. "आई, कुकर नंतर लाव ना. माझ्या गाण्यात शिट्टी येते."

मी गॅस बंद केला. त्या रात्री ह्यांना वरणभात साडेनवाला मिळाला. कुरकुरले जरा. मग लेकीनं गाणं लावलं. पाऊस अजून ऱ्हस्वच होता की काय कोण जाणे, गाण्यात ते ऐकू येत नाही!