गट जुळला, तरी रक्त जुळेलच असं नाही

सिंधुदुर्गातल्या धामापूरसारख्या गावातून डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला रक्त कधी ओरोसला चढतं, कधी गोव्यात बांबोळीला, तर कधी मुंबईत मुलाकडे गेल्यावर. पिशवीवर तोच गट बघून घरचे म्हणतात, “गट तर तोच हा, मगे कसली काळजी?”

गैरसमज इथूनच सुरू होतो. ए, बी, ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच आपल्याला ठाऊक असतं. तांबड्या पेशींवर केल, किड, डफी अशा गटांचे मिळून ३०० हून अधिक प्रतिजन (अँटिजेन) असतात. दात्याच्या पेशीवर आहे आणि रुग्णाच्या पेशीवर नाही, असा एखादा प्रतिजन आत आला की काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. सगळ्यांच्या होत नाहीत. पण पिशव्या वाढतील तशी शक्यता वाढते. याची गल्लत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’शी करू नये. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला तो दुर्मिळ गट जन्मजात असतो. ही प्रतिपिंडं मात्र मागाहून, परक्या पेशींची गाठ पडल्यावर येतात. बाळंतपणातूनही येतात.

“मागे तपासलं, काही निघालं नाही” हा समज मला सर्वांत घातक वाटतो. काही प्रतिपिंडं, विशेषतः किड गटाची, काही महिन्यांत इतकी कमी होतात की तपासणीत सापडतच नाहीत. शरीराची आठवण मात्र शाबूत असते. तोच प्रतिजन पुन्हा आला की काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, चढवलेल्या पेशी फुटू लागतात. ताप येतो, डोळे पिवळे होतात, वाढलेलं हिमोग्लोबिन पुन्हा खाली येतं. लघवी गडद होणं ही मोठी खूण. पण डायलिसिसवरच्या अनेकांना लघवीच जेमतेम होते. मग दोष किडनीवर जातो आणि आणखी एक पिशवी मागवली जाते. त्याआधी पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं दाखवणारी कूम्ब्ज चाचणी करायला हवी. नुकतंच रक्त चढलेलं असेल तर जुळवणीचा नमुनाही ताजा, तीन दिवसांच्या आतला लागतो.

“घरच्यांचं रक्त सर्वांत चांगलं” हेही खरं नाही. भाऊ किडनी देणार असेल तर त्याचं रक्त आधी घेणं टाळतात, कारण पांढऱ्या पेशींवरच्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडं झाली तर तीच किडनी शरीर नाकारू शकतं. मुलं झालेल्या बाईला नवऱ्याचं रक्त देण्यातही असाच धोका. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त वापरलं की तो घटतो, संपत नाही.

मुळात दर वेळी रक्त लागतंच असं नाही. किडनीत बनणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडतं म्हणून हिमोग्लोबिन घटतं. त्याचं इंजेक्शन १९८९ पासून वापरात आहे. सोबत लोह लागतं. (बीट-खजूर नव्हे, त्यातलं पोटॅशियम या रुग्णांना महागात पडतं.) जोराचा रक्तस्राव किंवा दम लागण्याइतका अशक्तपणा असेल तर मात्र रक्त अडवून धरू नये.

प्रतिपिंड सापडलं म्हणजे रक्ताचे दरवाजे बंद, असंही नाही. तो प्रतिजन नसलेली पिशवी शोधतात. वेळ लागतो एवढंच. गुंता सुटेना तर परळला केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी आहे. फाइलमध्ये प्रतिपिंडाचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. नव्या रक्तपेढीतली तपासणी निरंक आली तरी तो दाखवायचा: त्यावर ‘अँटी-जेके-ए’ हे किड गटातलं प्रतिपिंड असेल, तर पिशवी जेके-ए नसलेलीच लागते.