मांजराचा श्वास आणि त्याचे वर्णन

मांजराला श्वास घेणे जड जात आहे, हे घरातील माणसांच्या लक्षात बहुधा उशिरा येते. याचे एक कारण त्या प्राण्याच्या स्वभावात आहे. आजारी मांजर गवगवा करीत नाही. ते खाणे सोडते आणि पलंगाखाली किंवा कोठीमागे जाऊन बसते. दुसरे कारण भाषेचे आहे. ‘धाप लागली’, ‘घरघर वाजते’ हे शब्द माणसांच्या व कुत्र्यांच्या अनुभवावरून आलेले असल्यामुळे मांजराच्या बाबतीत ते दिशाभूल करतात.

‘धाप’ हाच शब्द घ्यावा. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, ती अंगातील उष्णता घालविण्याची त्याची नित्याची रीत होय. मांजर मात्र नाकानेच श्वास घेते. जोराचा खेळ, प्रवासाची भीती किंवा नांदेड-लातूरकडील वैशाखाचा उष्मा यांमुळे ते क्षणभर तोंड उघडील. परंतु विसावल्यावरही तोंड उघडेच राहिले, तर प्रसंग तातडीचा समजावा.

‘घरघर’ याहून फसवी. जात्याची, अंतकाळची आणि सुखावलेल्या मांजराची, अशा सर्व आवाजांना हा एकच शब्द पुरतो. मांजराचा सुखाचा आवाज श्वास घेताना व सोडताना सलग चालतो; दम्याचा शिटीसारखा आवाज बहुधा श्वास सोडताना येतो. शिवाय दुखण्यातही मांजर तो ‘सुखाचा’ आवाज काढते! ‘केसांचा गोळा अडकला’ हे निदानही असेच घाईचे. जमिनीलगत दबून, मान लांब करून मांजर वारंवार खोकत असेल व बाहेर काहीच पडत नसेल, तर दम्याची शंका घ्यावी. उदबत्तीचा व डासांच्या कॉइलचा धूर त्यास अपायकारक असतो.

वर्णनापेक्षा मोजणी विश्वसनीय. मांजर गाढ झोपले असता छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. हा आकडा सामान्यतः ३० च्या आत असतो. तो वारंवार वर जाऊ लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. पोट आत ओढले जात असेल, कोपरे फाकवून मांजर बसले असेल किंवा हिरड्या निळसर, राखाडी दिसत असतील, तर मोजत बसू नये.

घरी करण्याजोगे फार थोडे आहे. मांजरास उताणे धरू नये, तोंडात पाणी घालू नये, माणसाचे औषध तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते आणि हिरड्या तपकिरी पडतात. हवेशीर पेटीत ठेवून, वाहन थंड राखून, आधी दूरध्वनी करून निघावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे; परंतु बिकट अवस्थेत जवळच्या पशुवैद्याकडेच प्रथम जाणे इष्ट.

तेथे गेल्यावर वैद्य मांजरास प्राणवायू लावून काही काळ हातही न लावता ठेवतात. पुष्कळांना ही हयगय वाटते. वस्तुतः श्वास कोंडलेले मांजर तपासणीच्या धडपडीनेच दगावण्याचा संभव असतो. म्हणून क्ष-किरण चित्र नंतर, श्वास आधी.