चौथ्या सीटवरचा श्रोता

लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तेव्हा त्याला जेमतेम टेकायला जागा मिळते. एक पाय पॅसेजमध्ये, सॅक मांडीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खांद्यावर. पण त्या बाकावर रंगलेल्या गप्पांत त्याचा वाटा पुरता असतो. विनोदी पॉडकास्टचा खरा भक्त हा असाच चौथ्या सीटवरचा माणूस, हे कल्याण-सीएसएमटी प्रवासात पक्कं झालेलं माझं मत आहे. बोलणारे एकमेकांशी बोलत असतात, एकमेकांची फिरकी घेत असतात, जुने किस्से उकरून काढत असतात. आणि कानात इअरफोन घालून बसलेले आपण हळूहळू त्या कंपूत सामील होतो. त्यांच्या लकबी पाठ होतात. कोण आता कुणाला टोकणार, याचा अंदाज येऊ लागतो. एखाद्या आठवड्यात नवा भाग आला नाही, तर घरचं कुणी गावाला गेल्यासारखं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मराठी माणसाला हे वेड स्मार्टफोनने लावलेलं नाही. माझ्या आईच्या पिढीला ते रेडिओने लावलं, माझ्या पिढीला कॅसेटने आणि माझ्या पुतण्यांना मोबाईलने. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक टप्प्यावर बाकावर बहुधा तिघंच बसलेले दिसतात.

पार्श्वभूमी झटपट उरकतो. मुंबईत रेडिओचं नियमित केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या लेखात वापरला. २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिकी जर्व्हेस, स्टीफन मर्चंट आणि कार्ल पिल्किंग्टन या त्रिकुटाचा विनोदी पॉडकास्ट आला. दोघं खोदून खोदून विचारणारे आणि तिसरा आपल्याच तंद्रीत अचाट सिद्धांत मांडणारा. सर्वाधिक डाउनलोड झालेला पॉडकास्ट म्हणून तेव्हा त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तंत्राचा इतिहास एवढा पुरे.

आपल्याकडे हे तिघांचं गणित आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला फार आधी उमगलं होतं. ‘प्रपंच’ आणि पुढे ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या कानात आजही तीन आवाज असतील. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू (पुढच्या करुणा देव, संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी) आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. विषय रोजचेच, तुमच्या-आमच्या घरातले. पण आमच्या चाळीत ती वेळ झाली की आई स्टो बारीक करायची, कारण स्टोच्या आवाजात भावजींचं एखादं वाक्य हुकायचं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका एकमेकींना विचारायच्या, “काल भावजी काय म्हणाले, ऐकलंत का?” त्यातल्या एकीनेही प्रभाकर जोशींना कधी पाहिलं नव्हतं. तरी दिराच्या नात्याने त्यांचा विषय निघायचा. आवाजाशी जुळलेलं नातं किती खरं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आता माझ्या आराध्यदैवतांकडे येतो. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर. मराठी कथाकथनाच्या या त्रिकुटाला मी मराठीतले पहिले विनोदी पॉडकास्टर मानतो. ही माणसं एकत्र गावोगाव जायची, एका मंचावर बसायची आणि एकामागून एक आपली कथा सांगायची. पडदा नाही, रंगभूषा नाही, संगीत नाही. एक मायक्रोफोन आणि पाण्याचा तांब्या. साठच्या दशकापासून पुढे यांनी महाराष्ट्रात कथा ऐकण्याची जी चटक लावली, तिचं ऋण आजच्या प्रत्येक मराठी होस्टवर आहे.

तिघं जवळपास एकाच वयाचे. पाटलांचा जन्म १९२६ चा, माडगूळकर आणि मिरासदार दोघंही १९२७ चे. मुलूख मात्र तीन. पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. माडगूळकर माणदेशातल्या माडगूळचे. मिरासदार जन्माने अकलूजचे आणि वाढले पंढरपुरात. त्यामुळे एकाच संध्याकाळी श्रोत्याला पंचगंगेकाठचा रांगडेपणा, माणदेशाचा कोरडा उन्हाळा आणि पंढरीचा चौकातला वात्रटपणा असं सगळं मिळायचं. त्यात माडगूळकरांची सारी नोकरी पुणे आकाशवाणीत, ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात गेली. शंकर पाटीलही काही काळ पुणे केंद्रावर होते. शब्द कानावर कसा पडतो, श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे अर्धवट सोडायचं, हे दोघंही मायक्रोफोनपाशी बसून शिकले होते.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शंकर पाटील कथा सांगू लागले की गाव उभं राहायचं. ‘धिंड’ किंवा ‘मिटिंग’ ऐका. पात्र बदललं की त्यांचा सूरच नव्हे तर बोलण्याची घाई किंवा सुस्तीसुद्धा बदलते. ‘एक गाव बारा भानगडी’ आणि ‘पिंजरा’ या चित्रपटांच्या संवादांमागे हाच कान होता. माडगूळकर आवाज चढवत नाहीत. तुम्ही हसलात काय, न हसलात काय, ते आपल्या संथ लयीत पुढे जातात, आणि त्यामुळेच त्यांचं एखादं साधं वाक्य जास्त लागतं. मिरासदार मात्र हसवायचं ठरवूनच येतात. अतिशयोक्ती पायरी-पायरीने चढवत नेतात. पहिली पायरी इतकी खरी असते की आठव्या पायरीवर आपण कसे पोचलो, हे कळतच नाही.

माझा सर्वांत जास्त जीव मिरासदारांवर. माझ्याकडे त्यांच्या कार्यक्रमाची एक कॅसेट आहे, कुणीतरी सभागृहात टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून भरलेली. आवाज लांबून येतो, खुर्च्या करकरतात, मध्येच कुणाचं तरी बाळ रडतं. त्या कॅसेटवर मी त्यांच्या थांबण्याचा अभ्यास केला आहे. हशा उसळतो तेव्हा ते गप्प असतात. हशा पूर्ण विरेपर्यंत मात्र थांबत नाहीत. तो उतरणीला लागला, की पुढचं वाक्य अगदी साध्या स्वरात, जणू काही झालंच नाही अशा थाटात टाकतात. उरलेला हशा त्या वाक्याखाली दबतो आणि पुढच्या विनोदाला दुप्पट जोराने बाहेर पडतो. पुढे बसलेली एक बाई दरवेळी सगळ्यांच्या नंतर हसते आणि तिच्या हसण्यावर पुन्हा सभागृह हसतं. मिरासदार तिच्यासाठीसुद्धा क्षणभर थांबतात. हे कुठल्या पुस्तकात छापता येत नाही. ते ऐकावंच लागतं.

शिवाय मिरासदारांची भोकरवाडी हीच मुळात गप्पा मारणाऱ्यांची वाडी. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर, शिवा जमदाडे ही मंडळी जमतात, एक जण काहीतरी बातमी आणतो, दुसरा तिला फाटे फोडतो, तिसरा छातीठोकपणे चुकीचा खुलासा करतो. आजच्या कुठल्याही यशस्वी विनोदी पॉडकास्टचा आराखडा यापेक्षा वेगळा नाही. ‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा चित्रपट पाहणाऱ्यांना मिरासदार पडद्यावर हेडमास्तर म्हणूनही आठवतील. पण माझ्या लेखी त्यांचा खरा पडदा म्हणजे कॅसेटची फीत.

या तिघांना निव्वळ करमणूक करणारे म्हणून बाजूला सारणाऱ्यांना मी एक वस्तुस्थिती सांगतो. माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, पाटील १९८५ मध्ये नांदेडला आणि मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एकत्र मंचावर बसून लोकांना हसवणारे तिघंही त्या खुर्चीवर बसले. विनोदी बोलणाऱ्यांचा असा मान मराठीने राखला, याचा मला अतोनात अभिमान वाटतो.

आता थोडं लोकलबद्दल, कारण माझी भक्ती तिथेच वाढली. सी-६० कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. कल्याणहून फास्ट पकडली की मुलुंड-भांडुपच्या आसपास खटका पडून वॉकमन थांबायचा. मग गर्दीत कोपर न हलवता कॅसेट काढून उलटी करायची, ही एक कलाच होती. सोनीच्या १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन जागा होत्या, म्हणजे हे यंत्र बनवणाऱ्यालाही माहीत होतं की ऐकायला सोबत लागते. आमच्या ग्रुपमध्ये एकाच हेडफोनचे दोन कान दोघांत वाटले जायचे आणि बाकीच्यांना ऐकणारा लगेच रिपीट करून सांगायचा.

आणि पारसिकचा बोगदा! सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ पासून रेल्वेच्या सेवेत असलेला. तेव्हा फास्ट लोकल त्यातूनच जायची. आत शिरलं की एफएम रेडिओची खरखर सुरू व्हायची, पण कॅसेटवरचे शंकर पाटील अंधारातही बोलत राहायचे. बोगद्यातल्या त्या आवाजात त्यांचे शब्द पकडायला मी डोळे मिटून, कानांवर हात दाबून बसायचो. पाटलांचं एखादं पात्र अगदी कानाशी येऊन बोलतंय, असं वाटायचं. शेजारचे विचारायचे, “काय राव, कोणाचं ऐकताय?” उत्तर दिलं की पुढच्या स्टेशनपर्यंत कथा त्यांनाही सांगावी लागायची. डब्यात एक मंडळ पेटी-टाळावर भजन करायचं, दुसऱ्या टोकाला पत्ते चालायचे आणि मधल्या बाकावर आमचं कथाकथन.

याच वेडापायी एका ऑक्टोबरात मी पट्टणकोडोलीला जाऊन आलो. नेमकी विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होती. हवेत भंडारा उधळलेला, रस्ते, माणसं, मेंढ्या, मोटारसायकली सगळं पिवळंधमक. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, ऐकायला लोकांची दाटी झालेली. मी एका टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी दोन म्हातारे आणि एक तरणा पोरगा बसले होते. एक म्हातारा पावसाबद्दल सांगत होता, दुसरा प्रत्येक वाक्याला “व्हय, पर…” करून आडवा जात होता आणि पोरगा मध्येच एक शब्द टाकून दोघांनाही चिडवत होता. मी चहा गार होऊ दिला. शंकर पाटलांनी कान कुठे तयार केला, याचं उत्तर मला त्या बाकड्यावर मिळालं. कॅसेटमधली ती लय जिवंत माणसांच्या तोंडी ऐकताना अंगावर काटा आला.

नव्या मंडळींकडे मी याच कानांनी जातो. भाडिपा या यूट्यूब चॅनेलच्या ‘कास्टिंग काउच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी समोरच्या कलाकाराची मुलाखत घेण्याच्या नावाखाली जो धुमाकूळ घालतात, तो मला मनापासून आवडतो. तो पाहण्याचा कार्यक्रम आहे, तरी मी पुष्कळदा स्क्रीन बंद करून नुसता ऐकतो. त्या दोघांची नाटकातली जुनी मैत्री आवाजातच कळते. ‘अमुक तमुक’ या पॉडकास्टमध्ये ओंकार जाधव आणि शार्दूल कदम गंभीर विषयांवरही तज्ज्ञांना बोलतं करतात, पण त्यांची आपापसातली थट्टा नसती, तर मी दीड-दीड तास बसलो नसतो. दोन होस्ट आणि एक पाहुणा: पुन्हा तिघंच. दोघांत संभाषण होतं. तिसरा आला की कुणीतरी कुणाची बाजू घेतं, कुणीतरी एकटं पडतं, कुणीतरी साक्षीदार होतं. मग ऐकणाऱ्यालाही बाजू घ्यावीशी वाटते, आणि चौथी सीट तयार होते.

नव्या होस्टना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. संपादन करताना शांतता कापून टाकू नका. हल्ली काही जण दोन वाक्यांमधला श्वाससुद्धा उडवतात. मिरासदारांच्या कॅसेटमधल्या गप्प बसण्याच्या जागा कापल्या, तर अर्धी कथा निघून जाईल.

शंकर पाटील १९९४ मध्ये गेले, माडगूळकर २००१ मध्ये आणि मिरासदार २ ऑक्टोबर २०२१ रोजी. बाजारात आलेली त्यांची ध्वनिमुद्रणं आज मोबाईलवर ऐकायला मिळतात. पण गणेशोत्सवांत, व्याख्यानमालांत, शाळांच्या पटांगणांत श्रोत्यांनी स्वतः भरलेल्या कॅसेट कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक घरांत माळ्यावर पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात घालू नका. फितीवरचा चुंबकीय थर दमटपणाने खराब होतो, म्हणून कॅसेट कोरड्या जागी, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब, उभी ठेवा. वाजवण्याआधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटतील. प्लेअरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हेडफोनच्या जागेतून एक वायर कॉम्प्युटरला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. फाईल आधी डब्ल्यूएव्ही स्वरूपात जपा, एमपी३ नंतर करा. खुर्च्यांची करकर आणि बाळाचं रडणं काढून टाकू नका. ती त्या संध्याकाळची साक्ष आहे.

आमच्या कल्याणात १८६४ साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्राला पोट धरून हसवणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. या गावात महिन्यातून एक संध्याकाळ सामुदायिक श्रवणाची व्हायला काय हरकत आहे? एक स्पीकर, चार सतरंज्या, अर्धा तास मिरासदार, अर्धा तास एखादा नवा पॉडकास्ट, आणि मग चहा घेत दोन्हींवर मनसोक्त भांडण. तरुणांना भोकरवाडी कळेल, म्हाताऱ्यांना अमेय-निपुण कळतील. कुणी पुढाकार घेतला तर सतरंज्या मी आणतो. कॅसेट तर तयारच आहेत.