केम्पचे दागिने : ‘खोटे’ म्हणण्याआधी

चेन्नईत मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर भरतनाट्यमचे दागिने, म्हणजे ‘टेंपल ज्वेलरी’, विकणारी दुकानं आहेत. डिसेंबरातल्या मार्गळीच्या संगीत-नृत्य हंगामात तिथे गेलेली मराठी मंडळी कांजीवरमबरोबर लाल-हिरव्या ‘केम्प’ खड्यांचा एखादा सेटही पाहून येतात. जुना सेट मिळाला तर विशेषच आनंद. मात्र या दागिन्यांबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं.

‘टेंपल ज्वेलरी म्हणजे देवळातून आलेले दागिने.’ देवाचं भांडार असं बाजारात येत नाही. देवांच्या मूर्तींसाठी जे दागिने घडवले जात, त्यांच्या घडणीवर हे बेतलेले असतात. या कामाचं माहेरघर म्हणजे कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोविलमधला वडसेरी हा भाग. तिथल्या टेंपल ज्वेलरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

‘नर्तकी हजारो वर्षं अशाच सजत आल्या.’ शिल्पांतल्या नर्तकींच्या अंगावर दागिने आहेत, हे खरं. पण आज दिसतो तो, भांगातल्या पट्टीपासून ओड्डियाणम् म्हणजे कंबरपट्ट्यापर्यंतचा ठरावीक संच रंगमंचावर रुळला तो विसाव्या शतकात. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या दरबारातल्या चार भावांनी नृत्यप्रयोगाचा क्रम बांधला, हा आपल्या अभिमानाचा भाग. वेशभूषेची गोष्ट मात्र पुढची आहे. १९३५मध्ये अड्यारला पहिला जाहीर प्रयोग करणाऱ्या आणि १९३६मध्ये कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मंचासाठी पोशाख आणि दागिने नव्यानं बेतले. म्हणजे ‘प्राचीन’ म्हणून विकला जाणारा सेट फार तर आजीच्या वयाचा असतो. माझ्या मते तेवढं जुनेपण पुरेसं आहे.

‘सोन्याचे नाहीत, म्हणजे कवडीमोल.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. जुन्या चांगल्या केम्प दागिन्याचा सांगाडा चांदीचा असतो, त्यावर सोन्याचा वर्ख आणि आत लाखेचं भरण. प्रत्येक खडा हातानं बसवलेला. आजचे स्वस्त सेट तांब्या-पितळेचे, साच्यातून काढून वर मुलामा दिलेले. पुढून दोन्ही सारखेच चमकतात. म्हणून जाणकार दागिना उलटा करून पाहतो. अनेक घरांत असे संच ‘खोटे’ म्हणून मोलकरणीला देऊन टाकले जातात किंवा चांदीच्या भावात मोडीत जातात. घडणावळ कुणी मोजत नाही.

‘लाल खडा एकतर माणिक, नाहीतर काच.’ तिसरी शक्यताही असते. १९०२मध्ये ओग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्वालेत कृत्रिम माणिक घडवण्याची पद्धत जाहीर केली आणि असे खडे लवकरच जगभर पोहोचले. त्यामुळे दागिना जुना आहे एवढ्यावरून खडा खाणीतला ठरत नाही. कृत्रिम माणकात भिंगाखाली वक्र रेषा दिसू शकतात. नुसत्या रंगावरून छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहावं.

‘एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यात एक ग्रॅम सोनं असतंच.’ मुलाम्याच्या दागिन्यांचं हे बाजारातलं नाव आहे, वजनाची हमी नव्हे. तमिळनाडूत याच जातीच्या मालाला ‘कव्हरिंग’ म्हणतात. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्क त्यावर नसतो, त्यामुळे बिल आणि दुकानदाराची पत एवढाच आधार.

राहिली सफाई. चिंच, लिंबू, टूथपेस्ट हे घरगुती उपाय इथे घात करतात. खड्याच्या मागे पातळ वर्ख असतो. पाणी आत शिरलं की तो काळवंडतो आणि खडा मंद दिसू लागतो. चेन्नईच्या दमट हवेत नाचून घामेजलेला दागिना तसाच पेटीत टाकला तर हेच होतं. मेकअप, अत्तर, हेअर स्प्रे आधी आणि दागिने शेवटी. उतरवल्यावर कोरड्या मऊ सुती कापडानं पुसून प्रत्येक नग वेगळा गुंडाळावा.

घरात असा जुना संच असेल तर लखलखाटासाठी नव्यानं मुलामा देण्याची घाई करू नका. आधी तो जाणकार कारागिराला उलटून दाखवा. मूळ वर्ख एकदा खरवडला की परत आणता येत नाही.